मे संपता संपता पणजी: दोन-तीन दिवसांसाठी येणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्याचा शेवटचा आठवडा जवळ आला की पुण्या-कोल्हापूरकडच्या नातेवाइकांचे, त्यांच्या शेजाऱ्यांचे आणि शेजाऱ्यांच्या ऑफिसातल्यांचे फोन सुरू होतात. मुलांच्या सुट्ट्या संपत आलेल्या असतात, कुठेच जाणं झालेलं नसतं, आणि "गोव्याला दोन दिवस येऊन जावं म्हणतोय" असं ठरतं. प्रश्न तेच ते असतात. म्हणून उत्तरं इथे एकदाच लिहून ठेवतो.

आता सीझन संपला ना? येण्यात अर्थ आहे का?

संपला तो किनाऱ्याचा सीझन. ३१ मेच्या आसपास शॅक उतरवायला घेतात, वॉटर स्पोर्ट्स बंद होतात, १ जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी दोन महिने बंद असते. कळंगुट-बागा डोळ्यांपुढे ठेवून येणार असाल तर सरळ नोव्हेंबरात या.

पणजीला मात्र मी याच दिवसांत या म्हणेन. गर्दी ओसरलेली असते, लॉजवाले भावाला जरा नरम येतात, आणि शहर स्वतःच्या कामाला लागलेलं असतं. घरांवर प्लास्टिक ताणायचं, कौलं चाळायची, चार महिन्यांची बेगमी भरायची. पाहुण्यांसाठी नटलेलं गाव वर्षातून आठ महिने दिसतंच. पावसाच्या तोंडावरची त्याची लगबग फक्त आत्ताच दिसते.

उकाडा किती असतो? आणि पाऊस?

पारा ३३-३४ च्या पुढे फारसा जात नाही, पण घाम वाळत नाही. विदर्भातले लोक आकडा बघून हसतात आणि पहिल्या दुपारनंतर हसायचे थांबतात. मोसमी पाऊस साधारण ५ जूनच्या सुमारास पोचतो; २०२५ साली मात्र तो मे संपायच्या आतच दाखल झाला. त्याआधीही वळवाच्या सरी कोसळतात आणि त्यांच्यापाठोपाठ वीज जाते. छत्री आणा, पण तिच्यावर फार विसंबू नका. पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो.

दिवसाची आखणी मात्र बदलावी लागेल. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी साडेचारनंतर फिरायचं. दुपारी एक ते चार गोवा झोपतो. पुष्कळ दुकानंही तेव्हा बंद असतात. तुम्हीही झोपा. बाराच्या उन्हात बायकामुलांना चर्चच्या पायऱ्या चढायला लावणारे कर्ते पुरुष दरवर्षी दिसतात. त्यांच्या घरच्यांचे चेहरेही बघण्यासारखे असतात.

समुद्रात उतरता येईल का?

पाय भिजवा, तेवढंच. मेअखेरीला पाण्याला ओढ वाढते आणि वरून समुद्र शांत दिसतो, तेच वाईट. लाल बावटा असेल तिथे गुडघाभर पाण्यातही जाऊ नका. लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधल्या पट्ट्यातच उतरायची परवानगी असते. जीवरक्षकाची शिट्टी वाजली की "आम्हाला पोहता येतं" असं सांगत बसू नका. वाहून जाणाऱ्यांत पोहता येणारेही असतात.

मिरामार पणजीचाच किनारा, पण तिथे मांडवी समुद्राला मिळते आणि प्रवाह फसवे आहेत. वाळूत बसा, भेळ खा. जवळच भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी आहे, गोव्याच्या पहिल्या मुख्यमंत्र्यांची. तीही बघून घ्या.

यायचं कसं?

रेल्वेनं येणार असाल तर मडगावपर्यंत जाऊ नका. कोकणकन्या आणि मांडवी करमळीला थांबतात. तिथून पणजी साधारण बारा किलोमीटर आणि जुनं गोवं तर वाटेवरच. थिवीहूनही येता येतं, पण त्या बाजूचं भाडं जास्त बसतं. विमानानं येणाऱ्यांनी तिकीट काढताना विमानतळ दाबोळी आहे की मोपा हे नीट बघावं. दोन्हींच्या दिशा अगदी उलट आहेत. जूनच्या मध्यापासून कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागू होतं, गाड्या हळू धावतात. परतीचं तिकीट त्यानंतरचं असेल तर वेळ पुन्हा तपासा.

गाडीनं येणारे आजरा-आंबोलीमार्गे सावंतवाडीला उतरून बांद्याहून गोव्यात शिरतात. सीमेवर पत्रादेवीला हुतात्मा स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी इथे गोळ्या झाडल्या. महाराष्ट्रातून गेलेले सत्याग्रही त्या लढ्यात मोठ्या संख्येनं होते. बहुतेक गाड्या इथून सुसाट जातात. दहा मिनिटं थांबलात तर पणजीतल्या रस्त्यांची नावंही जरा वेगळी वाचाल.

स्कूटर घ्यावी की टॅक्सी?

पणजीत पायी फिरा. शहर लहान आहे आणि गाडी लावायला जागा शोधण्यातच अर्धा दिवस जातो. बाहेर जायला स्कूटर सोयीची, पण काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच भाड्यानं घ्या; पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्त मिळाली तरी ती बेकायदा आहे आणि दंड तुम्हाला बसतो. हेल्मेट घाला. मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकी चालत नाही, जुन्या पुलानंच जावं लागतं. टॅक्सीचं भाडं बसायच्या आधी ठरवा. कदंबच्या (म्हणजे सरकारी) आणि खासगी बस स्वस्त आहेत, भरपूर आहेत, आणि कंडक्टर ज्या चपळाईनं माणसं आत कोंबतो ते बघण्यासारखं असतं.

पणजीत नक्की जुनं काय आहे? जुनं गोवं वेगळं ना?

हो, ही गल्लत नेहमी होते. जुनं गोवं ही पोर्तुगीजांची आधीची राजधानी. साथीच्या रोगांनी ते शहर ओस पडत गेलं, १७५९ मध्ये विजरई, म्हणजे पोर्तुगीज व्हाइसरॉय, पणजीला राहायला आला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. त्याआधी इथे कोळी, माड, खाजण आणि आदिलशहाचा वाडा होता.

तो वाडा अजून आहे. मांडवीच्या काठावरची, उतरत्या छपरांची आणि लांबलचक सज्जांची ती पांढरी इमारत. युसूफ आदिलशहानं १५०० च्या सुमारास बांधला, पोर्तुगीजांनी घेतला आणि पुढे आपल्या विजरईचं घर केला. मुक्तीनंतर तिथे सचिवालय आणि विधानसभा होती. नंतर विधानसभा पर्वरीला गेली. सुरुवात इथूनच करा.

वाड्याच्या कडेला एक चमत्कारिक पुतळा दिसेल: झगा घातलेला माणूस, पसरलेले हात, पुढ्यात कोसळत असलेली बाई. लहान मुलं घाबरतात. हा आबे फारिया, १७५६ साली कांदोळीत जन्मलेला गोव्याचा धर्मगुरू. पॅरिसमध्ये त्यानं संमोहनाचे प्रयोग केले आणि ही शक्ती संमोहन करणाऱ्यात नसून होणाऱ्याच्या मनात असते असं सांगितलं. आज ते सगळ्यांना मान्य आहे, तेव्हा लोकांनी त्याची टर उडवली. गोव्यात त्याची एक गोष्ट सांगतात. लिस्बनला राणीपुढे प्रवचन द्यायला उभा राहिला आणि दरबार बघून त्याची वाचाच बसली. तेव्हा वडील खालून कोंकणीत पुटपुटले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" मग गडी जो सुटला तो थांबला नाही. परीक्षेला घाबरणारी पोरं बरोबर असतील तर पुतळ्यापाशी उभं करून त्यांना ही गोष्ट सांगा.

तिथून चर्च चौकात या. पांढऱ्याशुभ्र नागमोडी पायऱ्यांचं ते चर्च फोटोंतून तुम्ही पाहिलेलंच असतं. त्यातली मोठी घंटा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठातून आणलेली आहे. पायऱ्यांवर बसून खालचा चौक बघावा. पाच मिनिटांवर महालक्ष्मीचं देऊळ. ते १८१८ साली झालं, आणि पोर्तुगीज अमलात राजधानीत देऊळ बांधायला परवानगी मिळणं म्हणजे काय, हे तेव्हाच्या लोकांनाच ठाऊक.

फोंतेन्यासला किती वेळ लागतो? फोटो चांगले येतात ना?

दोन तास, पण सकाळी सात ते नऊ. चर्चच्या मागे, आल्तिनोच्या टेकडीच्या पायथ्याशी ही वस्ती आहे. मोझांबिकमध्ये पैसा कमावून आलेल्या आंतोनियो जुआंव द सिकेरा या माणसाच्या माडांच्या बागेतून अठराव्या शतकाच्या अखेरीस ती उभी राहिली. पिवळी, निळी, तांबडी घरं. पांढरा रंग चर्चसाठी राखलेला आणि पावसाळ्यानंतर घर रंगवायचंच, असा त्या काळचा दंडक होता असं सांगतात.

मेअखेरीला म्हणजे रंगाच्या वर्षातली शेवटची घटका. भिंतींचे पोपडे निघालेले, गेल्या पावसाची काळपट ओघळ खिडकीखालून जोत्यापर्यंत उतरलेली, कुठे निळ्याखालून जुना गेरू डोकावतो. फोटोवाल्यांना हे आवडत नाही. मला याच दिवसांतली ही गल्ली खरी वाटते. डिसेंबरात ती ताज्या रंगात असते आणि प्रत्येक दारात कुणीतरी पोझ देत उभं असतं.

आता फोटोंचं. इथे माणसं राहतात. दाराच्या पायरीवर बसून, खिडकीच्या गजाला धरून, कुणाच्या वाळत घातलेल्या कपड्यांच्या पार्श्वभूमीवर फोटो काढणाऱ्यांना रहिवासी कंटाळलेत. कित्येक घरांवर 'फोटो काढू नये' अशा पाट्या लागल्यात. रस्त्याचे काढा, घरांत कॅमेरा घालू नका. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत येतो, त्याच्याकडून गरम पाव घ्या आणि खात खात चाला. सांत सेबास्तियांवच्या कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, एक क्रूस आहे, तो पूर्वी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या (पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या) वाड्यात होता. त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. इन्क्विझिशनपुढे कुणाकुणाला उभं केलं गेलं हे आठवलं तर तिथे फार वेळ थांबवत नाही.

शेजारी मळा नावाची वस्ती. तिथला झरा आणि वर टेकडीवरचा मारुती, दोन्ही बघा. मारुतीच्या पायऱ्यांवरून खालची कौलं आणि उरेंची खाडी दिसते.

जुन्या गोव्याला अर्धा दिवस पुरेल?

तीन तास पुरतात, सकाळचे. पणजीहून रायबंदरच्या बांधावरून जा. खारफुटीतून जाणारा तीनेक किलोमीटरचा हा रस्ता पोर्तुगीजांनी १६३० च्या दशकात घातला आणि तो आजही रोज वापरात आहे. अलीकडच्या पुलांना हे जमेलच असं नाही. मांडवीवरचा १९७० चा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला होता.

बॉम जेझूस बासिलिकेत संत फ्रान्सिस झेवियरचं शव आहे. बाहेरचा चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकल्यामुळे इमारत उघड्या चिऱ्याची दिसते. छान दिसते, पण चिरा पाणी पितो आणि दर पावसाळ्यात राखणाऱ्यांच्या पोटात गोळा येतो. समोर से कॅथेड्रल, त्याचा एक मनोरा १७७६ मध्ये पडला तो पडलाच. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला. पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं.

एवढं बघून लोक परततात. सांत ऑगस्टिनचा पडका मनोरा चुकवू नका. अर्धा मनोरा १९३१ मध्ये ढासळला, उरलेला आभाळात उभा आहे, चौथऱ्यावर गवत आणि फुटक्या फरशा. सगळ्या जुन्या गोव्यात मला हीच जागा सर्वांत जास्त बोलकी वाटते.

शिवाजी महाराज, संभाजी महाराज यांच्याशी संबंधित काही बघता येईल?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि मग वेळ नाही म्हणून बीचवर जातो.

नार्व्याच्या सप्तकोटेश्वराला जा. कदंब राजांचं हे दैवत. मूळ देऊळ दिवाडी बेटावर होतं. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर लिंग नदीपलीकडे नेलं गेलं. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये तिथे देवळाचा जीर्णोद्धार केला. अलीकडच्या डागडुजीनंतर २०२३ मध्ये ते पुन्हा खुलं झालं. सर्वांत सुंदर वाट जलमार्गाची: जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीनं दिवाडी, बेट ओलांडून दुसऱ्या फेरीनं नार्वे. पायी माणसाला फेरीचे पैसे पडत नाहीत. डिचोलीमार्गे गाडीनंही जाता येतं, पण मग अर्धी मजा गेली.

संभाजी महाराजांसाठी वेगळं स्थळ लागत नाही, जुन्या गोव्याच्या धक्क्यावरच उभे राहा. २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री मराठ्यांनी जवळचं जुवें बेट आणि तिथला किल्ला घेतला. परत घ्यायला गेलेला विजरई कोंद द आल्व्होर जखमी होऊन कसाबसा निसटला. राजधानी जाणार अशी त्याची खात्री झाली, तेव्हा तो बॉम जेझूसमध्ये गेला, झेवियरची शवपेटी उघडवली आणि आपला राजदंड संताच्या हाती ठेवून "आता तूच सांभाळ" म्हणून मोकळा झाला. पुढे मोगल फौज कोकणात उतरली आणि महाराजांना मागे फिरावं लागलं. तुम्ही ज्या पेटीचे फोटो काढता, ती हीच.

एखादा किल्ला?

रेईश मागूश. पणजीहून बेतीच्या फेरीत बसा, पलीकडून बस किंवा रिक्षा. १५५१ चा किल्ला, छान दुरुस्त केलेला, आत व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची चित्रं. तटावरून अख्खी पणजी समोर दिसते. सोमवारी बंद. आग्वाद मोठा आणि प्रसिद्ध, १६१२ चा, पण तिथे सावली नाही. गेलात तर खालच्या जुन्या तुरुंगातलं संग्रहालय बघा. मुक्तिलढ्यातले कैदी तिथे होते.

दिवसभर पाऊस लागला तर?

पणजीच्या पाटो भागातलं कृष्णदास शामा ग्रंथालय. १८३२ साली स्थापन झालेलं हे ग्रंथालय, आणि नाव त्या गोमंतकीयाचं ज्यानं १५२६ मध्ये मराठीत कृष्णचरित्र लिहायला घेतलं. मराठी पुस्तकं मुबलक आहेत. मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दालनातल्या निळ्या-पांढऱ्या फरशांची चित्रं बघायला पंधरा मिनिटं लागतात. कला अकादमीत संध्याकाळी एखादं मराठी नाटक लागलंय का तेही बघा. चार्ल्स कोरिया यांनी रेखाटलेली ती वास्तू उघड्या अंगाची आहे, तिथे नुसतं बसून नदीवरचा पाऊस बघितला तरी चालतो.

खायचं काय? आम्ही शाकाहारी आहोत.

मग सकाळी भाजी-पाव. मुंबईची पावभाजी डोक्यातून काढा. इथे पातळ भाजी, सुकी भाजी, मिक्स असं सांगायचं आणि सोबत मिरची-भजं. कॅफे टाटो, कॅफे भोसले ही जुनी नावं आहेत. जेवायला खतखतें, मुगागाठी, सोलकढी मिळाली तर दुसरं काही मागवू नका.

मासे खाणाऱ्यांनी थाळी घ्यावी: शीत (भात), हुमण (माशाची आमटी), तळलेला तुकडा, तिसऱ्या (शिंपल्या), किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर). १ जूननंतर ताजी मोठी मासळी कमी आणि महाग होते, हे ध्यानात ठेवून या. मेन्यूकार्डावर इसवण (सुरमई) असली तरी ती आजची आहे का हे विचारा. खरं उत्तर देणाऱ्या खानावळीत पुन्हा जा.

आंब्यांबद्दल भांडण नको. हापूस हापूसच्या जागी. पण पणजीच्या बाजारात मानकुरादचा ढीग दिसला आणि भाव उतरलेला असला तर डझनभर घेऊन खोलीवर खा. पहिला मोठा पाऊस झाला की आंब्याचा भरवसा राहत नाही.

मराठी चालते का?

सर्रास. देवळांत, बाजारात, वर्तमानपत्रांत मराठी आहे आणि १९८७ च्या राजभाषा कायद्यातही आहे. राजभाषा कोंकणी. फक्त कुणाला "तुमची कोंकणी म्हणजे मराठीचीच बोली ना?" असं विचारू नका. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्यानं महाराष्ट्रात यायचं नाही असं ठरवलं, आणि त्या वादाची राख अजून पुरती निवलेली नाही. जेवण होईपर्यंत तरी नको.

कॅसिनो?

नदीत उभे आहेत, दिव्यांनी झगमगतात. त्यापायी संध्याकाळी काठावरचा रस्ता तुंबतो. मला आणखी काही सांगण्यासारखं नाही.

खरेदीला कुठे जावं?

शुक्रवार हाताशी असेल तर म्हापशाचा बाजार, आणि तोही आत्ताच. पावसाळ्याची बेगमी, म्हणजे पुरुमेंत, भरायचे हे शेवटचे दिवस. बायका हरमलच्या मिरच्या मुठीत घेऊन वास घेतात, एक मोडून बिया बघतात, आणि मग भाव ऐकून तोंड फिरवून दोन पावलं जातात. विकणारीलाही ठाऊक असतं की ती परत येणार. सुके बांगडे, गालमो (सुकी बारीक कोळंबी), सोलं, चिंच, मीठ, नारळाचं व्हिनेगर, चोरिसांच्या (गोव्याच्या सॉसेजच्या) माळा, मयडे गावची लांब केळी. सकाळी नऊच्या आत पोचा. काजू घ्यायचे तर सालासकट भाजलेले घ्या. आणि किनाऱ्यावरच्या दुकानांत 'सवलत' वाचून घेऊ नका.

फेणी आणि सुकी मासळी घरी नेता येते का?

फेणीचं म्हणाल तर महाराष्ट्रात दारू न्यायला परवाना लागतो आणि सीमेवर गाड्या तपासतात. हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या धारेची हलकी दारू, तर मेमध्येच संपत येतो आणि टिकतही नाही. तो इथेच प्यावा, झाडाखाली, लिंबू-मीठ-मिरची घालून. आणि मग गाडीला हात लावू नये.

सुकी मासळी नेता येते. वर्तमानपत्रात गुंडाळा, त्यावर प्लास्टिकची पिशवी, त्यावर आणखी एक, आणि मग घट्ट झाकणाचा डबा. एवढं करूनही वातानुकूलित डब्यात थिवी सुटेपर्यंत वास सुटतोच. शेजारचे रत्नागिरी-चिपळूणचे निघाले तर "कितीला मिळाली?" एवढंच विचारतील.